ब्लू स्क्रीनचा कोड दर वेळी बदलतो तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे भांडुपचे, घरीच बसून लग्नांचे व्हिडिओ एडिट करतात. पीसी स्वतः जोडलेला, सुटे भाग लॅमिंग्टन रोडवरून आणलेले: एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० बोर्ड, आरटीएक्स ३०६० ग्राफिक कार्ड, ५५० वॅटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), एक एनव्हीएमई एसएसडी, विंडोज ११. बरेच महिने मशीन सुरळीत चाललं. मग १६ जीबी रॅम पुरेना म्हणून त्याच कंपनीच्या आठ-आठ जीबीच्या आणखी दोन स्टिक लावल्या, आणि त्याच सुमारास पावसाळाही लागला. तेव्हापासून आठवड्यातून दोन-तीनदा ब्लू स्क्रीन येते. कधी मेमरी मॅनेजमेंट, कधी आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, कधी पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया. मधूनच क्रोम आपोआप बंद पडतो. दोनदा फॉरमॅट झालं, ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर बदलून झाला. दुकानदार म्हणतो विंडोज करप्ट आहे, शेजारी म्हणतात दमट हवेने होतंय, भाऊ म्हणतो एसएमपीएस बदल. आता नेमकं काय बदलायचं?

आधी एक करा, फॉरमॅट मारणं थांबवा. दुसऱ्या फॉरमॅटनंतरही तेच होत असेल तर विंडोजवरचा संशय जवळजवळ मिटला. उलट, रॅममध्ये दोष असताना विंडोज नव्याने टाकलं की ते टाकतानाच काही फाइली चुकीच्या लिहिल्या जाऊ शकतात, म्हणजे आजार तसाच राहतो आणि वर नवं दुखणं लागतं.

तुमच्या वर्णनातली सगळ्यात कामाची गोष्ट कुठला एक कोड नाही. कोड दर वेळी वेगळा आहे, ही आहे. नेटवर लोक एकेक कोड शोधतात, प्रत्येकाचे दहा उपाय सापडतात आणि ते दहाही करून बसतात. मी आधी फक्त एवढंच बघतो की कोड आणि त्यातलं ड्रायव्हरचं नाव दर खेपेला तेच येतं का. तेच येत असेल, उदाहरणार्थ दर वेळी ड्रायव्हर आयआरक्यूएल आणि खाली वायफायच्या ड्रायव्हरचं नाव, तर बहुतेक वेळा सॉफ्टवेअर. कोड रोज वेगळा, नाव रोज वेगळं, आणि शिवाय क्रोमसारखे साधे प्रोग्रामही कारण नसताना पडतात, तर संशय हार्डवेअरवर, आणि त्यातही पहिला रॅमवर. कारण उघड आहे. मेमरीतला एखादा बिट उलटला तर त्या क्षणी तिथे काय ठेवलेलं होतं यावर कोड ठरतो. कर्नलचा, म्हणजे विंडोजच्या गाभ्याचा, पत्ता असेल तर पेज फॉल्ट, पेज टेबल (मेमरीचा नकाशा) असेल तर मेमरी मॅनेजमेंट, क्रोमच्या टॅबचा डेटा असेल तर टॅब मरतो. आणि तुमच्या व्हिडिओची फ्रेम असेल तर काहीच होत नाही, नुसता एक हिरवा ठिपका दिसतो.

या शेवटच्या वाक्यावर जरा थांबा, कारण मला ब्लू स्क्रीनपेक्षा याची भीती जास्त वाटते. या काळात तुम्ही कार्डांवरून जे फुटेज या मशीनवर कॉपी केलं आणि इथून बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाकलं, ते सगळं त्याच रॅममधून गेलेलं आहे. विंडोज कॉपी करताना लिहिलेलं परत वाचून ताडून बघत नाही. ज्या लग्नांची एसडी कार्डं अजून पुसली नाहीत ती पुसू नका. मशीन नीट झाल्यावर कार्डावरून पुन्हा कॉपी करा, नाहीतर निदान प्रत्येक क्लिप शेवटपर्यंत चालते का ते बघा. सप्तपदी परत शूट करता येत नाही.

आता तपासणी. क्रम असा ठेवा की फुकटातलं आधी आणि खर्चाचं शेवटी, आणि एका वेळी एकच बदल. रॅम काढली, बायॉस (बोर्डावरचं, मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं, ड्रायव्हर बदलला, सगळं एकाच रविवारी केलंत आणि क्रॅश थांबले तर कशाने थांबले ते कळणार नाही, आणि महिन्याने परत सुरू झाले की पहिल्यापासून सगळं.

पुरावा आधी गोळा करा. सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड, तिथे स्टार्टअप अँड रिकव्हरी, आणि त्यातली आपोआप रिस्टार्ट होण्याची खूण काढून टाका, म्हणजे पडद्यावरचा कोड फोटो काढण्याइतका वेळ थांबेल. २०२५ पासून विंडोज ११ च्या नव्या अपडेटमध्ये हा पडदा निळा नसून काळा येतो, तेव्हा रंगावर जाऊ नका, कोड वाचा. त्याच खिडकीत स्मॉल मेमरी डम्प (क्रॅशच्या क्षणाची नोंद ठेवणारी फाइल) निवडलेला आहे ना ते पाहा. एसएसडीची जागा वाचवायला पेज फाइल कुणी बंद केली असेल तर ती चालू करा, तिच्याशिवाय डम्प लिहिला जात नाही. डम्प फाइली सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात मिनिडम्प नावाच्या फोल्डरात साठतात. त्या उघडायला ब्लूस्क्रीनव्ह्यू हे छोटं फुकट सॉफ्टवेअर पुरतं. खोलात जायचं असेल तर मायक्रोसॉफ्टचं विंडबग.

यात एक ठरलेली फसगत आहे. यादीत दोषी म्हणून पुष्कळदा एनटीओएसकर्नल हे नाव दिसतं आणि लोक समजतात विंडोजचा गाभाच बिघडलाय. लोकलच्या डब्यात पाकीट मारलं गेल्यावर जो आरडाओरडा करतो तो चोर नसतो. कर्नलने गडबड पकडली म्हणून त्याचं नाव आलं, इतकाच त्याचा अर्थ.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमचा लॉग, म्हणजे घडामोडींची नोंदवही, तीही बघा. तिथे कर्नल-पॉवर ४१ ही नोंद प्रत्येक अचानक बंद पडण्यानंतर येते, त्यामुळे तिला एकटीला अर्थ नाही. तिच्या तपशिलात बगचेककोड (ब्लू स्क्रीनचा कोड) शून्य असेल आणि डम्पही नसेल, तर बहुधा तो ब्लू स्क्रीन नव्हताच. मशीनची वीज गेली किंवा ते जागच्या जागी गोठलं. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण तुमच्या भावाचा एसएमपीएसचा संशय तिथे खरा ठरला असता. कमजोर एसएमपीएस शक्यतो ब्लू स्क्रीन दाखवायला थांबत नाही, फटकन बंद होतो किंवा रिस्टार्ट मारतो, आणि तेही रेंडर चालू असताना, ग्राफिक कार्ड जोरात असताना. तुमचे क्रॅश कोडसकट येतात आणि क्रोम चालवतानाही येतात. म्हणून एसएमपीएस आज तरी माझ्या यादीत मागे आहे. त्याच लॉगमध्ये व्हीया-लॉगरच्या (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या भागाच्या) नोंदी असतील तर मात्र मला सांगा. १८ नंबरची नोंद म्हणजे प्रोसेसरनेच हार्डवेअरची चूक झाल्याचं नोंदवलंय, आणि तिथे रस्ता वेगळा.

आता रॅम. तुमच्या बाबतीत मी पैज लावायची झाली तर दोष एखाद्या स्टिकपेक्षा चार स्टिकच्या मेळात आहे. बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅमचा पाकिटावरचा वेग लावणारी सेटिंग) चालू करून तुम्ही रॅम ३२०० च्या वेगावर चालवत असणार. एक्सएमपी हे नाव साळसूद आहे, पण तो ओव्हरक्लॉकच, म्हणजे प्रमाणापेक्षा जास्त वेगाने चालवणं असतं. डीडीआर४ चं (तुमच्या रॅमच्या पिढीचं) प्रमाणित व्होल्टेज १.२, आणि अशा किटमध्ये एक्सएमपी ते बहुधा १.३५ वर नेतो. कंपनीने ती सेटिंग त्या पाकिटातल्या दोन स्टिकपुरती तपासलेली असते. दुसऱ्या पाकिटातल्या दोन स्टिक त्याच नावाच्या, त्याच मॉडेल नंबरच्या असल्या तरी आतल्या चिप दुसऱ्याच कुणाच्या असू शकतात, कंपन्या त्या गुपचूप बदलत असतात. त्यात चारही स्लॉट भरले की प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवरचा भार वाढतो. एएमडीचा स्वतःचा अधिकृत वेगही चार स्टिकना दोन स्टिकपेक्षा कमीच आहे. पुढच्या पिढीच्या डीडीआर५ वर तर ही तफावत आणखी मोठी, तिथे मी चार स्टिक लावूच नका म्हणतो. दुकानात ‘चालेल की’ म्हणतात, आणि चालतंही, पण रात्रभराच्या रेंडरला टिकेलच असं नाही.

म्हणून पहिली चाचणी अगदी सोपी. बायॉसमध्ये जाऊन एक्सएमपी बंद करा, बाकी काही हलवू नका, आणि नेहमीचं काम करत राहा. मशीन थोडं सुस्त वाटेल. तुम्हाला आठवड्याला दोन-तीन क्रॅश येतात, तेव्हा दोन दिवस शांत गेले म्हणून खूश होऊ नका, निदान दहा दिवस जाऊ द्या. क्रॅश थांबले तर बहुधा मेळाचाच प्रश्न होता. मग वेग २९३३ किंवा २६६६ वर हाताने ठेवून बघा. त्यावर टिकलं तर तिथेच सोडून द्या. एडिटिंगमध्ये या फरकाने कामाचा तास वाढत नाही, रात्री अडीचला पडलेल्या रेंडरने मात्र वाढतो.

एक्सएमपी बंद करूनही क्रॅश आले तर मेमटेस्ट८६, हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर. पेनड्राइव्हवर टाकायचं, त्यावरून मशीन सुरू करायचं आणि झोपायला जायचं. फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या मिळतात आणि ३२ जीबीला कित्येक तास लागतात. यात एकही चूक चालत नाही. एकच लाल ओळ आली तरी नापास, ‘एकच तर आहे’ असं रॅमच्या बाबतीत नसतं. विंडोजमधली मेमरी डायग्नोस्टिक त्या मानाने भोळी आहे, तिच्या पास होण्यावर विसंबू नका. मेमटेस्ट८६ पास झालं तरी रॅम शंभर टक्के सुटली असंही नाही. विंडोजमध्ये ओसीसीटी या ताण-चाचणीच्या सॉफ्टवेअरची मेमरी टेस्ट तासभर चालवा, ती प्रोसेसर आणि रॅमला एकत्र ताण देते आणि सीमेवरचे दोष पकडते.

चूक निघाली तर जोड्या वेगळ्या करा. आधी जुनी जोडी एकटी, मग नवी जोडी एकटी, आणि जी जोडी नापास होईल तिच्यातली एकेक स्टिक. दोन स्टिक लावताना प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात लावा. घरी जोडलेल्या मशीनमध्ये त्या शेजारी-शेजारी किंवा पहिल्या-तिसऱ्यात लावलेल्या मी सतत बघतो, आणि माणूस वेग वाढत नाही म्हणून बायॉसला शिव्या देत असतो. एखादीच स्टिक सगळ्या स्लॉटात नापास होत असेल तर स्टिक गेली. प्रत्येक स्टिक एकाच स्लॉटात नापास होत असेल तर तो स्लॉट, किंवा प्रोसेसर नीट बसलेला नाही. कूलर एका बाजूने जास्त आवळला गेला तरी मेमरी चॅनलचा संपर्क बिघडतो. स्क्रू तिरपे-तिरपे, थोडे-थोडे करून आवळायचे असतात.

दरम्यान काम अडू देऊ नका. जुन्या दोन स्टिकवर, एक्सएमपी बंद करून, १६ जीबीत मशीन चालवा. फोर-के टाइमलाइन रडेल, तेव्हा प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, बनवून एडिट करा.

आता शेजाऱ्यांची दमट हवा. अगदीच उडवून लावण्यासारखं ते नाही. मुंबईत जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि समुद्राजवळ त्यात क्षार. दमटपणाने त्या क्षणी मशीन पडत नाही, पण संपर्कांवर मळ बसतो, आणि बांधकामाची धूळ ओलसर होऊन स्लॉटात चिकटते. तुम्ही नव्या स्टिक टाकायला जुन्या हलवल्यात, तेव्हा अर्धवट बसलेली स्टिक किंवा स्लॉटात गेलेला कण या दोन्ही शक्यता खऱ्या आहेत. खोडरबराने सोनेरी पट्ट्या घासायचा आपल्याकडचा जुना उपाय पुष्कळदा लागू पडतो, पण त्यातलं निम्मं श्रेय स्टिक काढून परत नीट बसवण्याला आहे. घासायचंच असेल तर पांढरा मऊ खोडरबर घ्या, खरखरीत निळा नको, चुरा पूर्ण झटका आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ब्लोअर मारताना पंखे बोटाने धरून ठेवा. आणि मशीन बंद करून, वायर काढून मग हे सगळं.

अर्थिंगबद्दल कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. जुन्या चाळी आणि जुन्या इमारतींत तीन पिनचं सॉकेट असतं, पण मागे अर्थची वायरच नसते. कॅबिनेटला उघड्या हाताने स्पर्श केल्यावर मुंग्या येत असतील तर तेच. एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे अर्थ नसताना पत्र्यावर साधारण निम्मा मेन व्होल्टेज तरंगतो, करंट अगदी थोडा. याने सहसा ब्लू स्क्रीन येत नाही, पण टीव्हीची एचडीएमआय वायर किंवा यूएसबीचं ऑडिओ इंटरफेस चालू मशीनला जोडताना पोर्ट उडू शकतो. वायरमनला बोलावून मीटरने तपासून घ्या.

रॅम दोन्ही चाचण्यांत स्वच्छ निघाली आणि क्रॅश चालूच राहिले, तर पुढचा नंबर बायॉसचा. एएमडीच्या बोर्डांवर मेमरीची सुसंगती बायॉस अपडेटने बरीच सुधारते. अपडेट करताना वीज जाऊ नये, पावसाळ्यात तर यूपीएसवरच करा. अपडेटनंतर एक्सएमपीसकट सगळ्या सेटिंग मूळपदावर येतात हे लक्षात असू द्या. बायॉसमधल्या कर्व्ह ऑप्टिमायझरने प्रोसेसरचं व्होल्टेज कमी केलं असेल तर तेही शून्यावर न्या. त्याचे क्रॅश पुष्कळदा ताणाखाली न येता मशीन नुसतं बसलेलं असताना येतात आणि माणूस भलतीकडे शोधत राहतो.

नंतर एसएसडी. क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तिची प्रकृती बघा आणि फर्मवेअरचं (ड्राइव्हच्या आतल्या सॉफ्टवेअरचं) अपडेट आहे का ते कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये. हे किरकोळ वाटतं, पण २०२४ मध्ये विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आली तेव्हा वेस्टर्न डिजिटलच्या एसएन७७० आणि एसएन५८० या २ टीबीच्या ड्राइव्हवर ब्लू स्क्रीन येऊ लागल्या होत्या, आणि उपाय फर्मवेअरचाच निघाला. तुमच्या यादीत कर्नल डेटा इनपेज एरर हा ड्राइव्हवरून वाचताना चूक झाल्याचा कोड नाही, म्हणून मी यात फार वेळ घालवणार नाही.

ड्रायव्हर सगळ्यात शेवटी, तुमच्या बाबतीत. कोड ठरावीक असता तर मी इथूनच सुरुवात केली असती. कर्नलमध्ये बसणारं कुठलंही सॉफ्टवेअर पूर्ण मशीन पाडू शकतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज मशीन आडवी झाली, आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. घरच्या मशीनमध्ये तेच काम रॅमचे दिवे रंगवणारी सॉफ्टवेअर, दोन-दोन अँटिव्हायरस आणि गेमचे अँटीचीट करतात. असं काही असेल तर काढून टाका. ड्रायव्हर व्हेरिफायर (ड्रायव्हर तपासणारं विंडोजमधलंच साधन) मात्र नेटवर वाचून चालू करू नका. तो मुद्दाम क्रॅश घडवतो, आणि मशीन सुरूच होईनासं झालं तर सेफ मोडमध्ये जाऊन तो बंद करावा लागतो.

एसएमपीएसबद्दल भावाचं मन राखायला एवढं करा. त्याच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ ने गुणा. ५५० वॅटच्या चांगल्या एसएमपीएसमध्ये हा आकडा ५०० च्या पुढे असतो. ३६० वगैरे निघाला तर डब्यावरचा आकडा फुगवलेला आहे, तो आज ना उद्या बदला. बदलाल तेव्हा मॉड्युलर (काढता-लावता येणाऱ्या वायरींचा) असेल तर जुन्या वायरी नव्याला लावू नका, खाचेत बसल्या तरी. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना कंपनीगणिक वेगळी असते आणि पहिल्याच स्विचला हार्ड डिस्क जळतात.

राहिलं दुकान. स्टिक सदोष निघाली तर मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो, जीएसटीचं बिल आणि नव्या पाकिटातल्या दोन्ही स्टिक घेऊन जा, कारण किट म्हणून विकलेली रॅम वॉरंटीत बहुधा जोडीनेच घेतात. स्टिकवरचं स्टिकर फाटू देऊ नका. जोड्या वेगवेगळ्या पास आणि एकत्र नापास असतील तर वॉरंटीचा दावा टिकणार नाही, कारण कुठलीच स्टिक खराब नाही. तेव्हा काउंटरवर भांडण्यापेक्षा चारही स्टिक देऊन १६-१६ चं एकच किट फरकाने मिळतं का ते विचारा. लॅमिंग्टन रोडवर हे होतं, मात्र पहिल्या दुकानात सांगतील त्या भावाला लगेच हो म्हणू नका, आणि घेतलेलं किट घरी आणल्यावर फुटेज टाकायच्या आधी त्याच्यावरही रात्रभर मेमटेस्ट चालवा.